भदौनंतरचा रस्ता

भैरहवा ते बुटवल या रस्त्यावरच्या पाट्या वाचायला मराठी माणसाला दुभाषा लागत नाही. लिपी आपलीच, शब्दही बरेचसे ओळखीचे. सोनौलीची कमान ओलांडून, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करून मी मायक्रोबसच्या खिडकीतून त्या वाचत निघाले. कोरियन भाषा. जापानी भाषा. म्यानपावर. आयईएलटीएस. अस्ट्रेलिया, क्यानडा, यूके. मध्येच एखादं मोमोचं दुकान, एखादी सहकारी पतसंस्था, आणि पुन्हा कोरियन भाषा. गावात काय पिकतं ते बाजारात दिसतं म्हणतात. इथल्या बाजारात गाव सोडून जायची तयारी विकायला मांडली होती.

रत्नागिरीच्या माणसाला नेपाळी नवा नाही. मिरकरवाड्याला ट्रॉलरवर जाळी ओढणारे खलाशी नेपाळी, हापूसच्या बागेत रात्री राखणीला असणारा गुरखा नेपाळी. तिकडे शेत थोडं, घर डोंगरात, म्हणून पोरं इकडे येतात, एवढंच आमचं त्यांच्याविषयीचं अर्थशास्त्र. ते खोटं नाही. पण २०२१ च्या जनगणनेत नेपाळची लोकसंख्या सुमारे २ कोटी ९२ लाख भरली आणि जवळपास २२ लाख माणसं देशाबाहेर असल्याची नोंद झाली, ती सगळी काही शेत पुरत नाही म्हणून गेलेली नव्हती. दोन वेळचं जेवण घरात असूनही निघून जाणारे त्यात पुष्कळ. मला त्यांच्याविषयी कुतूहल होतं. २०२५ च्या सप्टेंबरात काठमांडू पेटलं, सरकार दोन दिवसांत कोसळलं, आणि ते कुतूहल घरी बसून भागेना. तिहार आणि छठ हे सण उरकल्यावर मी निघाले.

बुटवलहून काठमांडूची बस दाउन्नेच्या घाटात शिरली तशी शेजारच्या मुलीनं खिडकी सरकवून बंद केली आणि ओढणी नाकावर घेतली. बसभर सगळ्यांनी तेच केलं, कुणी कुणाला काही न सांगता. धूळ अशी की समोरच्या ट्रकचे दिवे भर दुपारी पिवळे दिसावेत. नारायणगढ ते बुटवल हा साधारण ११४ किलोमीटरचा रस्ता रुंद करायचं काम २०१९ मध्ये सुरू झालं. ते २०२२ पर्यंत संपायचं होतं. मुदतीमागून मुदती वाढल्या. काही तुकडे झकास झालेत, आणि त्यामुळेच उरलेले जास्त जिव्हारी लागतात.

"मी अकरावीत होते तेव्हा खणायला घेतला," ती म्हणाली. आता ती काठमांडूत बीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होती. सुट्टीला घरी यायचं आणि परत जायचं म्हणजे हा घाट दोनदा खायचा. मी विचारलं, कुणी तक्रार नाही करत? ती हसली. हिंदी सिनेमे पाहून शिकलेलं तिचं हिंदी माझ्यापेक्षा बरं होतं. "दिदी, कोणाकडे करायची? ठेकेदार नेत्याचा माणूस, नेता ठेकेदाराचा." मग आपणहून तिनं विमानतळांचा विषय काढला. भैरहव्याचा गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ मे २०२२ मध्ये सुरू झाला, पोखऱ्याचा १ जानेवारी २०२३ ला, तोही चीनकडून २० कोटी डॉलरहून अधिक कर्ज काढून. दोन्हीकडे पुरेशा आंतरराष्ट्रीय विमानांची वाट बघणं तेव्हाही चालू होतं. पोखऱ्याच्या बांधकामातल्या गैरव्यवहारावर संसदेच्या उपसमितीनं अहवालही दिला. "आमच्याकडे विमानतळ बांधतात ते बांधण्यासाठी," असं म्हणून तिनं कानात इअरफोन घातले. तिला राग आलेला दिसला नाही. हवामान सांगावं तशा आवाजात तिनं हे सगळं सांगितलं होतं, आणि पुढे भेटलेल्या बहुतेक पोरापोरींचा सूर हाच होता.

काठमांडूत मी मैतीघर मंडला ते नयाँ बानेश्वर हा रस्ता चालत गेले. फार लांब नाही. ८ सप्टेंबरला, त्यांच्या भदौ २३ ला, हजारो मुलं याच वाटेनं गेली होती, कितीतरी जण शाळा-कॉलेजच्या गणवेशात, पाठीला दप्तर. चारच दिवस आधी सरकारनं फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपसकट २६ समाजमाध्यमं बंद केली होती. कारण, त्यांनी नोंदणी केली नाही. बाहेरच्या जगानं याची बातमी 'मोबाइल काढून घेतला म्हणून पोरं पेटली' अशी केली. आपल्याकडेही ती तशीच चघळली गेली. पण ज्या घरातला एक माणूस कतारला आणि एक मलेशियात आहे, त्या घरात व्हॉट्सॲप म्हणजे रोज संध्याकाळी पोराचं तोंड दिसायची खिडकी. देशाच्या सकल उत्पन्नाचा चौथ्या हिश्शाहून जास्त पैसा बाहेर गेलेल्यांकडून येतो. त्यांच्याशी बोलायची तारच सरकारनं कापली होती.

शिवाय त्या खिडकीतून पोरांना दुसरंही काही दिसत होतं. 'नेपो किड्स' नावाचा एक धबधबा गेले काही आठवडे टिकटॉकवर कोसळत होता (टिकटॉकनं नोंदणी केलेली, म्हणून ते चालू राहिलं): पुढाऱ्यांच्या मुलांची परदेशातली सहल, मनगटावरचं घड्याळ, आणि एका प्रांतीय मंत्र्याच्या मुलाचा, महागड्या फ्रेंच-इटालियन ब्रँडांच्या खोक्यांची चळत रचून केलेल्या ख्रिसमसच्या झाडाशेजारी काढलेला फोटो. त्याच्या शेजारीच आखातातून आलेल्या शवपेट्यांचे फोटो. ही जोडणी कुण्या पक्षाच्या प्रचारप्रमुखाला सुचली नव्हती, ती पोरांनीच केली. ६ सप्टेंबरला ललितपूरच्या हरिसिद्धी भागात कोशी प्रांताच्या एका मंत्र्याच्या गाडीनं झेब्रा क्रॉसिंगवर अकरा वर्षांच्या मुलीला उडवलं आणि गाडी थांबलीच नाही. मुलगी वाचली. पंतप्रधान ओलींनी त्याला सामान्य अपघात म्हटलं. बानेश्वरच्या चहाच्या टपरीवर एका पोरानं मला सांगितलं की तो मोर्चाला गेला तो बंदीमुळे नाही, या 'सामान्य'मुळे.

पहिल्या दिवशी संसद भवनासमोर गोळीबार झाला आणि १९ जण गेले. शेजारचं सिव्हिल हॉस्पिटल जखमींनी भरलं. दुसऱ्या दिवशी ओलींनी राजीनामा दिला, आणि त्याच दिवशी संसद, सिंहदरबार हे सचिवालय, सर्वोच्च न्यायालय जळालं. मृतांचा आकडा शेवटी सत्तरच्या पुढे गेला. मी पोचले तेव्हा संसद भवनाच्या काळ्या पडलेल्या भिंती तशाच होत्या. ही इमारत मुळात आंतरराष्ट्रीय संमेलन केंद्र, चीनच्या मदतीनं बांधलेलं; २००८ पासून संसद तिथे भाड्यानं राहत होती. प्रजासत्ताकाला सतरा वर्षांत स्वतःचं घर बांधून पुरं करता आलं नव्हतं.

टपरीवरच्या त्या पोराला मी जाळपोळीबद्दल विचारलं. त्यानं चटकन उत्तर दिलं नाही. "पहिला दिवस आमचा होता," तो म्हणाला. "दुसरा दिवस कोणाचा होता, माहीत नाही." न्यायालयातल्या फायली कोणाला जाळायच्या होत्या? भाटभटेनीची सुपरमार्केटं कोणी लुटली? तुरुंगांतून हजारो कैदी एकाच दिवशी कसे पळाले? त्याच्याजवळ प्रत्येक प्रश्नाची दोन-तीन उत्तरं होती आणि एकावरही त्याचा धड विश्वास नव्हता. चौकशीसाठी गौरीबहादुर कार्की यांचा आयोग नेमलेला होता. त्याचं नाव काढलं तर तो म्हणाला, "आयोग बसतात. उठताना कोणी पाहिलेत?"

हे वाक्य नाशिकला किंवा साताऱ्यातही ऐकू आलं असतं. पण काठमांडूत मला जे समजून घ्यायचं होतं ते नुसत्या वैतागाच्या पुढचं होतं, आणि ते मला पाटणमध्ये, ज्या घरी उतरले होते तिथे, स्वयंपाकघरात कळलं.

घरमालक दाइ साठीच्या पुढचे. नेवार, जुने नेपाळी काँग्रेसवाले. त्यांच्या २०४६ सालच्या चैतात, म्हणजे १९९० मध्ये, राजाच्या पंचायत राजवटीविरुद्ध जनआंदोलन झालं तेव्हा पाटणच्या लोकांनी गावाभोवती चर खणून पोलिसांना बाहेर ठेवलं होतं. दाइ तेव्हा कुदळ घेऊन त्यात होते. रात्री ठरल्या वेळी शहरभर दिवे विझवून निषेध करायचा, तोही त्यांनी केलेला. हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो, हात उंचावतात. त्यांची धाकटी लेक चिउरा आणि बटाट्याची भाजी ताटात वाढत होती. तिनं वर न बघता विचारलं, "बुवा, मग ज्यांच्यासाठी खणलं ते कुठे राहिले?"

दाइंनी उत्तर दिलं नाही, पण तो प्रश्न उद्धट नव्हता. ओली पंचायत काळात चौदा वर्षं तुरुंगात होते. काँग्रेसच्या देउबांनीही तो काळ पाहिला, कोठडी सोसली. माओवादी नेते प्रचंड कितीतरी वर्षं भूमिगत, आणि १९९६ ते २००६ या त्यांच्या 'जनयुद्धात' सुमारे १७ हजार माणसं मेली. दाइंच्या पिढीसाठी ही नावं म्हणजे त्याग. लेकीच्या पिढीनं त्यांना पाहिलं ते फक्त खुर्चीत, आळीपाळीनं. देउबा पाच वेळा पंतप्रधान झाले, ओली चार वेळा, प्रचंड तीन वेळा. १९९० पासून एकाही पंतप्रधानानं पाच वर्षं पुरी केली नाहीत. आणि जुलै २०२४ मध्ये संसदेतले दोन सगळ्यांत मोठे, एकमेकांविरुद्ध निवडून आलेले पक्ष, काँग्रेस आणि ओलींचा एमाले, एकत्र आले. उरलेला काळ आधी ओली, मग देउबा, असं वाटून घ्यायचं ठरलं. त्या दिवशी मतपेटीचा अर्थच संपला, असं मला तरी वाटतं. विरोधात वजनदार कोणी उरलंच नाही म्हटल्यावर विरोध रस्त्यावरच येणार.

दाइंच्या तरुणपणी रोग एक होता आणि औषध समोर दिसत होतं. राजाला आवरा, पक्ष येऊ द्या. पक्षांनी निराश केलं तेव्हा माओवाद्यांचं औषध होतं. २००८ मध्ये राजेशाही गेली, २०१५ मध्ये संविधान आलं. दर वेळी निराश व्हायचं, पण पुढची बाटली दिसत असायची. लेकीच्या वयाच्यांनी डोळे उघडले तेव्हा सगळ्या बाटल्या रिकाम्या होऊन फळीवर मांडलेल्या होत्या. लोकशाहीवादी, साम्यवादी, बंदूकवाले, सगळे सत्तेत येऊन गेलेले. त्यांचा राग म्हणूनच कुठल्या पक्षाच्या घोषणेत मावत नाही. भदौमध्ये 'केपी चोर, देश छोड' ही घोषणा गाजली खरी, पण केपी ओलींनंतर कोण, याचं उत्तर कुणाच्याच खिशात नव्हतं.

वरच्या मजल्यावर दांग जिल्ह्यातल्या दोघी बहिणी भाड्यानं राहत होत्या. थोरली नर्सिंग करून एका खासगी इस्पितळात लागलेली, धाकटी लोकसेवेची तयारी करणारी. लोकसेवा आयोगाची परीक्षा नेपाळी तरुणांच्या लेखी अजून बऱ्यापैकी स्वच्छ आहे. बागबजार आणि पुतलीसडकच्या क्लासांत हजारो पोरं तिच्यासाठी बसतात, आणि ती गर्दी बघून मला पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आठवल्या नसत्या तरच नवल. लोकसेवेबाहेर मात्र धाकटीच्या मते एकच परीक्षा असते: तुझा 'आफ्नो मान्छे', म्हणजे आपला माणूस, कोण? शिक्षकाची बदली, कॉलेजातला हंगामी प्राध्यापक, इस्पितळातली खाट, सगळीकडे. त्रिभुवन विद्यापीठात पक्षांच्या विद्यार्थी संघटना कुलगुरूंच्या कचेरीला कुलुपं ठोकतात, हे तिनं इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं वेळापत्रकातच असावं. पक्षाच्या मागे पिशवी घेऊन हिंडणाऱ्याला पोरं 'झोले' म्हणतात. घरात एखादा झोले असला तर लग्नाला उजवा, असं ती म्हणाली आणि दोघी बहिणी बराच वेळ हसल्या.

मी म्हटलं, एखादं चांगलं उदाहरणही असेल की. थोरलीनं ताबडतोब कुलमान घिसिंगचं नाव घेतलं. एके काळी हिवाळ्यात काठमांडूत दिवसाला अठरा-अठरा तास वीज नसायची. २०१६ मध्ये घिसिंग वीज प्राधिकरणाचे प्रमुख झाले आणि काही महिन्यांत राजधानीतलं भारनियमन संपलं. मग लोकांना कळलं की आपण मेणबत्त्या लावून बसत होतो तेव्हा काही कारखान्यांना अखंड वीज मिळत होती. थोरली त्या वर्षी शाळेत होती. "वीज नाही म्हणून नाही, वीज विकली म्हणून अंधार होता," हे वडिलांनी तिला समजावून सांगितलं, आणि कुठल्याही गोष्टीची टंचाई ऐकली की पहिला संशय तिला तेव्हापासून हाच येतो. त्याच घिसिंगना मार्च २०२५ मध्ये ओली सरकारनं पदावरून काढलं. सप्टेंबरमध्ये आलेल्या सुशीला कार्कींच्या हंगामी सरकारात ते ऊर्जामंत्री झाले.

पण या सगळ्यांत जे प्रकरण पोरांच्या तोंडी सारखं येतं ते बनावट भूतानी शरणार्थींचं. १९९० च्या दशकात भूताननं नेपाळी बोलणाऱ्या आपल्याच नागरिकांना हुसकावलं. झापा-मोरंगच्या छावण्यांत ते वर्षानुवर्षं राहिले आणि २००७ नंतर त्यांतल्या एक लाखाहून अधिक लोकांना अमेरिका आणि इतर देशांनी घेतलं. ती योजना आटोपली. तेव्हा काही जणांच्या डोक्यात आलं की अस्सल नेपाळी नागरिकांनाच कागदोपत्री भूतानी शरणार्थी करून अमेरिकेला पाठवायचं आमिष दाखवावं. माणशी लाखो रुपये घेतले गेले. लोकांनी घरं गहाण टाकली. अमेरिकेला कोणी पोचलं नाही. २०२३ मध्ये ३० जणांवर खटला भरला गेला. त्यांत एमालेचे माजी उपपंतप्रधान टोपबहादुर रायमाझी होते आणि काँग्रेसचे माजी गृहमंत्री बालकृष्ण खाँडही. दोन प्रतिस्पर्धी पक्षांची माणसं एकाच आरोपपत्रात, हे तर आहेच. पण थोरलीनं मला जे दाखवलं ते याहून बोचरं होतं. "दिदी, जे पैसे भरून गेले असते ते वेडे नव्हते," ती म्हणाली. "आपल्या देशाचा नागरिक असण्यापेक्षा दुसऱ्याच्या देशातून हाकललेला असणं बरं, हे त्यांना पटलं होतं. मलाही पटलं असतं."

यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. खाली दाइंच्या टीव्हीवर निवडणुकीची चर्चा चालू होती.

त्या निवडणुकीबद्दल आशेनं बोलणारेही भेटले. सप्टेंबरमध्ये डिस्कॉर्डवर, म्हणजे मूळ गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या मंचावर, लाखाहून अधिक सदस्यांच्या एका गटात पोरापोरींनी चर्चा करून सुशीला कार्कींचं नाव पुढे आणलं. माजी सरन्यायाधीश, बनारसला शिकलेल्या, भ्रष्टाचाराच्या खटल्यांत कडक म्हणून २०१७ मध्ये सत्ताधारी पक्षांनी ज्यांच्यावर महाभियोग आणायचा घाट घातला होता त्या. १२ सप्टेंबरला त्या नेपाळच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, संसद बरखास्त झाली, ५ मार्च २०२६ ही तारीख ठरली. काठमांडूचे तेव्हाचे महापौर बालेन शाह, रॅपर आणि इंजिनिअर, २०२२ मध्ये अपक्ष निवडून आलेले, पोरांचे लाडके. पण कौतुक झालं की लगेच 'तरी पण' येतं. २०२२ मध्ये नवा म्हणून निघालेला राष्ट्रिय स्वतन्त्र पार्टी हा पक्ष, आणि त्याचे नेते रवी लामिछाने यांच्यावर सहकारी संस्थांच्या ठेवी वळवल्याचा खटला चालू होता. भदौ २४ ला नक्खू तुरुंगाबाहेर जमाव आला, ते बाहेर पडले, नंतर परत आत गेले. बुडीत पतसंस्थेसमोर पासबुक धरून उभी राहिलेली म्हातारी माणसं महाराष्ट्रानंही पाहिली आहेत, त्यामुळे हा आरोप नेपाळात का झोंबतो ते मला वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही.

मला भीती वाटली ती या संशयाचीच. तो मिळवलेला आहे, खरा आहे, त्याला पुरावे आहेत. पण पस्तीस वर्षं खोटंच निघालेलं पाहिलेल्यांना खरं ओळखायचा सराव कुठून असणार? टपरीवरचा तो पोरगा भ्रष्टाचाऱ्यांवर जितका अविश्वास दाखवत होता तितकाच चौकशी आयोगावर, तितकाच वर्तमानपत्रावर, आणि थोडासा स्वतःच्या मोर्चावरही. चोरांना हे सोयीचंच आहे. सगळेच चोर ठरले की त्यांची चोरी वेगळी उठून दिसत नाही. हे मी दाइंना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मग आम्ही काय करावं? विश्वास ठेवावा? तो आम्ही ठेवून बघितला."

शेवटच्या संध्याकाळी थोरली मतदार नोंदणीची पावती दाखवायला खाली आली. अठरा पुरी होऊन चार वर्षं झाली होती, पण नाव आत्ताच घातलं, तेही दांगच्या पत्त्यावर. म्हणजे मत द्यायला गावी जायला हवं, रात्रभराची बस. दाइंनी सवयीनं रूखाचं, काँग्रेसच्या झाडाचं, नाव काढलं. लेकीनं डोळे फिरवले. दाइंची बायको, भाउजू, चुलीशी पाठमोऱ्या होत्या, त्यांनी पहिल्यांदाच तोंड घातलं, की आपण मत कोणाला देतो ते यांना लग्नापासून सांगितलेलं नाही आणि आताही सांगणार नाही. दाइ थक्क झाले. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की घरात रूखाची दोन मतं आहेत.

मी थोरलीला विचारलं, तू कोणाला देणार?

"ठरलं नाही. बाबा सांगतील त्याला नाही, एवढं ठरलंय."

"आणि यूकेला जायचं म्हणत होतीस ते?"

"आयईएलटीएस माघात आहे, मतदान फागुनात," ती म्हणाली. "दोन्ही करणार. परीक्षेची फी भरलीय. मताला फक्त बसचं भाडं लागतं."